नियम होते, चौकशी चुकली

गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या. समिती बसली, अहवाल आला, बडतर्फी झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही कारवाई उचलून धरली. १२ मे २०२३ रोजी मात्र सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. आरोप खरे की खोटे, हा मुद्दा न्यायालयाने निकालात काढलाच नाही. समितीने मे महिन्यात बैठकांचा असा सपाटा लावला, की आरोप असलेल्या प्राध्यापकाला बाजू मांडायला पुरेशी संधी मिळाली नाही, यावर निकाल फिरला. चौकशी ५ मे २००९ रोजी जिथे होती तिथून पुन्हा सुरू करा, असा आदेश झाला.

म्हणजे चौदा वर्षांनी तक्रारदारांच्या हाती काहीच नाही, प्राध्यापकाचा फैसला नाही आणि संस्थेच्या वाट्याला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

नोकरीच्या वादात मालकाची बाजू खरी असूनही तो हरतो, तेव्हा कारण बहुधा असेच असते. कामगाराने चूक केली, हे सगळ्या कारखान्याला माहीत असते. पण ती चूक नियमात लिहिलेली नसते, किंवा लिहिलेली असली तरी चौकशी धड झालेली नसते.

ग्लॅक्सो कंपनीचे १९८३ मधील प्रकरण यातल्या पहिल्या प्रकारचे. कारखान्याच्या आवाराबाहेर घडलेल्या प्रकाराबद्दल कामगारांवर कारवाई झाली होती. कंपनीच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, मात्र गैरवर्तनाचे कलम ‘आवारात किंवा आवाराच्या लगत’ घडलेल्या कृत्यापुरतेच होते. सर्वोच्च न्यायालयाने कलमाचा अर्थ ताणायला नकार दिला. ज्या कृत्याला शिक्षा आहे ते कृत्य कामगाराला आधी कळले पाहिजे, ही त्यामागची भूमिका. आज कामाचे निम्मे बोलणे व्हॉट्सअॅपच्या गटांवर चालते, अनेक जण घरून काम करतात आणि कंपनीची गाडी रात्री उशिरा घरी सोडते. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या जुन्या पॉलिसीत यातले काहीच नसेल, तर वाद उभा राहिल्यावर ती उघडून उपयोग नाही.

उलट उदाहरणही आहे. महिंद्रा अँड महिंद्राच्या एका कामगाराने वरिष्ठाला गलिच्छ शिवीगाळ केली म्हणून त्याला बडतर्फ करण्यात आले. शिक्षा फार कडक आहे, असे कामगार न्यायालयाला वाटले. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये बडतर्फी कायम केली. गैरवर्तन चौकशीत सिद्ध झाले असेल, तर केवळ सहानुभूतीपोटी शिक्षा कमी करता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

मग धड चौकशी म्हणजे काय? आधी कारणे दाखवा नोटीस. खुलासा पटला नाही, तर आरोपपत्र, आणि त्यात ‘बेशिस्त वर्तन’ असे मोघम शब्द नकोत. तारीख, वेळ, जागा आणि नेमके काय केले, ते हवे. चौकशी अधिकारी असा हवा, की जो त्या भांडणात ना साक्षीदार होता ना तक्रारदार. साक्षीदाराचा जबाब कामगारासमोर होतो आणि त्याला उलटतपासणी घेऊ दिली जाते. कामकाजाच्या प्रत्येक पानावर उपस्थितांच्या सह्या घेतल्या जातात. कामगाराने पत्र घ्यायला नकार दिला, तर त्यावर तसा शेरा मारून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतात, तेच पत्र टपालाने घरी पाठवतात आणि पोचपावती फाइलला लावतात. पुढे न्यायालयात याच चिठ्ठ्याचपाट्या कामी येतात.

निलंबनाचाही हिशेब असतो. चौकशीच्या काळात पहिले ९० दिवस निम्मे वेतन निर्वाहभत्ता म्हणून द्यावे लागते. त्यापुढे, कामगारामुळे उशीर होत नसेल तर, ७५ टक्के. हा भत्ता अडवून ठेवल्याने कामगार चौकशीला येऊच शकला नाही, तर ती चौकशीच रद्दबातल ठरू शकते.

चुकीची किंमत रुपयांत मोजावी लागते. औरंगाबादच्या एका शिक्षिकेला संस्थेने बेकायदा काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तिला मागचा संपूर्ण पगार मिळण्याचा हक्क मान्य केला. बेकायदा काढलेल्या माणसाला सेवासातत्य आणि मागील वेतनासह परत घेणे हा सर्वसाधारण नियम आहे, असेही सांगितले. खटला दहा वर्षे चालला, तर काम न घेता दहा वर्षांचा पगार द्यायची वेळ येऊ शकते.

लैंगिक छळविरोधी कायद्यात तर २०१३ पासून सगळे आकड्यांत लिहून ठेवले आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती सक्तीची. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत, अहवालावर कारवाई ६० दिवसांत. समितीच नसेल, तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड. बाहेरगावचा कामाचा दौरा आणि कंपनीची गाडीसुद्धा या कायद्यात ‘कामाची जागा’ धरली जाते. अनेक कार्यालयांत समितीचा फलक भिंतीवर असतो, पण त्यावरची एक सदस्या नोकरी सोडून गेलेली असते. अशा अपुऱ्या समितीच्या चौकशीला पहिल्याच सुनावणीत हरकत घेतली जाते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती उरली. महाराष्ट्रात पूर्वी ही मर्यादा ५० होती. एमआयडीसीतल्या लहान कारखानदारांना यात सुटका वाटेल; पण नैसर्गिक न्यायाचे तत्त्व कामगारसंख्या विचारत नाही. स्थायी आदेशांचा सरकारी नमुना सक्तीचा नसेल, तिथे गैरवर्तन कशाला म्हणायचे, हे मालकाने स्वतःच लिहून ठेवायला हवे. ते मराठीत लिहिलेले, नेमणूकपत्रासोबत सही घेऊन दिलेले आणि सुपरवायझरच्या भाच्यालाही तसेच लागू केलेले असावे. एकाला त्याच चुकीसाठी समज आणि दुसऱ्याला बडतर्फी दिली, तर ‘माझ्यावर आकसाने कारवाई झाली’ हा बचाव मालकानेच कामगाराच्या वकिलाला आयता दिलेला असतो.