जननिक गटसंख्येचे अनुमान

जननिक गटसंख्येचे अनुमान : एखाद्या जातीतील निवडक प्राण्यांच्या डीएनएवरून ती जाती किती वेगवेगळ्या प्रजननसमूहांत विभागली गेली आहे, हे ठरविण्याची सांख्यिकीय रीत. मराठवाड्यातील गोवंशाच्या संदर्भात हा प्रश्न व्यावहारिक महत्त्वाचा आहे. नांदेड जिल्ह्यातील कंधार, मुखेड, बिलोली व त्यांलगतच्या नायगाव परिसरात लाल कंधारी, तर लातूर जिल्ह्यातील उदगीर-देवणी भागात देवणी गुरे आढळतात. देवणीचे रंगावरून वानेरा (काळे तोंड), बाळंक्या (पांढरा) व शेवरा (ठिपकेदार) असे तीन प्रकार मानतात. हे तीन जननिक गट मानून त्यांचे स्वतंत्र प्रजनन केल्यास मर्यादित कळप आणखी विभागले जाऊन अंतःप्रजनन वाढेल. रंग मोजक्या जनुकांवर अवलंबून असतो. गट मात्र अनेक जनुकस्थानांवरून ठरवावे लागतात.

जे. के. प्रिचर्ड, एम. स्टीफन्स व पी. डोनेली यांनी २००० मध्ये मांडलेल्या पद्धतीत गटांची संख्या ‘क’ आधी गृहीत धरतात. प्रत्येक गटात हार्डी-वाइनबर्ग समतोल असावा, अशा बेताने प्राण्यांची वाटणी केली जाते; संकरित प्राण्याचा वंशांश दोन गटांत विभागून दाखविता येतो. ‘क’ची १, २, ३ अशी मूल्ये घेऊन प्रत्येक वेळी मिळालेल्या माहितीची संभाव्यता काढतात. ती बहुधा वाढत जाऊन पुढे जवळजवळ स्थिरावते. नेमके कोठे थांबावे, हीच खरी अडचण. जी. एव्हानो व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सुचविलेला ‘डेल्टा-क’ निर्देशांक या वाढीतील एकदम होणारा बदल मोजतो. त्याला मागचे व पुढचे अशी दोन्ही मूल्ये लागत असल्याने ‘गट एकच आहे’ हे उत्तर तो कधीच देऊ शकत नाही. देवणीच्या बाबतीत नेमके तेच उत्तर शक्य असल्याने केवळ त्यावर विसंबणे धोक्याचे होय.

नमुन्यांची निवडही तितकीच निर्णायक असते. नायगाव परिसरातील एकाच गावातून, एकाच वळूची वासरे घेतली, तर ते कुटुंबच निराळा गट म्हणून दिसू लागते. याउलट माळेगावच्या (ता. लोहा) यात्रेसारख्या जनावरांच्या बाजारांतून होणाऱ्या देवघेवीमुळे गटांच्या सीमा पुसट होऊ शकतात. अंतरानुसार हळूहळू बदलत जाणाऱ्या समूहाचेही ही पद्धत कृत्रिम तुकडे पाडते. म्हणून नमुने अनेक गावांतून, परस्परांशी नाते नसलेल्या जनावरांचे व दोन्ही वंशांतून सारख्या संख्येने घेतात. प्रत्येक ‘क’साठी गणित अनेकदा करतात आणि एकच आकडा न देता लगतच्या मूल्यांचे निष्कर्ष शेजारी शेजारी मांडतात.