हैफाचं हदार : भाडं कमी का, आणि घर घेताना काय बघायचं



मुंबई-ठाण्याहून शिकायला, कामाला किंवा कायमची राहायला येणारी आपली मुलं हल्ली विचारतात, "आंटी, तेल अवीवचं भाडं झेपत नाही, हैफाचं हदार कसं आहे?" वस्ती चांगली आहे, पण भाडं कमी का, ते आधी समजून घ्या.

हैफा डोंगरउतारावर वसलंय. खाली बंदर, वर कार्मेलचा माथा, मध्ये हदार. तेखनिओनची पहिली इमारत इथलीच. 1923 साली आईनस्टाईन यांनी तिच्या आवारात झाड लावलं होतं. पुढे तेखनिओन नव्या जागी गेलं, ऐपतवाली कुटुंबं डोंगरावर वर सरकली आणि जुन्या इमारतींची डागडुजी मागे पडली. 1990 नंतर सोव्हिएत देशांतून आलेले पुष्कळ ओलिम इथे उतरले. अरब कुटुंबंही राहतात. घरं जुनी म्हणून भाडं कमी, आणि भाडं कमी म्हणून चित्रकार, नाटकवाले, विद्यार्थी आले. मसादा रस्त्यावर रंगवलेल्या भिंती, छोटे कॅफे, जुन्या वस्तूंची दुकानं दिसतील. भाजीला तालपियोतचा बाजार जवळ.

आता घर बघताना काय बघायचं ते सांगते.

पहिलं, जिने. पुष्कळ इमारतींना लिफ्ट नाही, आणि एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जायलाही पायऱ्याच. भाजीची जड पिशवी घेऊन एकदा चढून बघा. आई-वडील पुढेमागे राहायला येणार असतील तर त्यांच्या गुडघ्यांचा विचार आत्ताच करा. कार्मेलित ही 1959 सालची भुयारी गाडी मसादाला थांबते, पण शब्बाथला बंद असते.

दुसरं, ओल. मी आयुष्यभर नर्सचं काम केलं, म्हणून हे बजावून सांगते. हिवाळ्यात जुन्या भिंतींवर काळी बुरशी धरते. दमा असलेल्याला ती फार त्रास देते. कपाटामागे आणि पलंगाच्या कोपऱ्यात बघा, नाकाने वास घ्या. नुकताच रंग दिलेला असेल तर शेजाऱ्यांना विचारा.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, आसरा. घरात ममाद, म्हणजे सुरक्षित खोली, बांधायचा नियम 1991 च्या आखाती युद्धानंतर आला. हदारच्या बहुतेक इमारती त्याआधीच्या. 2006 साली हैफावर रॉकेटं पडली, आणि त्यानंतरही शहराने सायरन ऐकलेत. इमारतीत मिकलात आहे का, तो उघडा असतो की त्यात सामान भरलंय, हे स्वतः बघा. नसेल तर सार्वजनिक मिकलातपर्यंत घड्याळ लावून चालून बघा. चौथ्या मजल्यावरून उतरायचा वेळही त्यातच धरा.

चौथं, कागद. भाड्यावर आर्नोना आणि वाद बायितचे पैसे वेगळे लागतात. नवीन ओलिमना आर्नोनात मोठी सूट मिळते, पण अर्ज आपणच करायचा असतो. 2017 च्या कायद्याप्रमाणे तातडीची मोडतोड मालकाने तीन दिवसांत आणि बाकीची तीस दिवसांत दुरुस्त करून द्यायची असते. करार हिब्रूत असतो. तो नीट वाचता येणाऱ्याला दाखवल्याशिवाय सही करू नका.

आणखी एक. तेल अवीवच्या फ्लोरेंतिनमध्येही कलाकार स्वस्त भाड्यासाठीच आले होते. वस्तीचं नाव झालं, भाडी चढली, आणि त्यातल्या पुष्कळांना ती परवडेनाशी झाली. हदारमध्येही तसं होऊ शकतं. म्हणून करारात पुढच्या वर्षाची 'ओप्तसिया' भाड्याच्या आकड्यासकट लिहून घ्या.

एवढं जमलं तर बिनधास्त राहा. एकाच जिन्यात हिब्रू, अरबी, रशियन ऐकू येईल, आणि आपल्या मराठीकडेही कोणी वळून बघणार नाही. गेल्या गेल्या शेजारच्या दाराशी जाऊन आपलं नाव सांगा. आजारपणात आणि सायरनच्या वेळी तेच दार आधी उघडतं.