पियानोची तार आणि घराची किल्ली

‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचा पहिला भाग पुन्हा बघायचा तर हेडफोन लावून बघावा. केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी, २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, बीबीसीने तो दाखवला. कृष्णधवल चित्र, चिंचोळे सेट. डोळ्यांना आता त्याचं फारसं नवल वाटत नाही. कानांना वाटतं.

शीर्षकसंगीत रॉन ग्रेनरचं, पण कानावर येतं ते डेलिया डर्बिशायरच्या हातचं. सिंथेसायझर नव्हताच. एकेक सूर सुटा टेपवर घ्यायचा, हवा तेवढा तुकडा कापायचा आणि पुढच्याला चिकटवायचा. खालून घुमणारा ठेका म्हणजे छेडलेली एक तार. एवढं करून बाईंचं नाव पडद्यावर आलं ते २०१३ मध्ये, मालिकेच्या पन्नाशीला! टार्डिस, म्हणजे कथानायक डॉक्टरचं कालयान, घरघरत निघते तो आवाज ब्रायन हॉजसनने काढला, जुन्या पियानोच्या तारेवर घराची किल्ली घासून. हे कळल्यावर मी तेवढाच प्रसंग मागे नेऊन नेऊन ऐकला. घरघरीच्या आत धातूची खरखर आहे. एकदा सापडली की मग तीच ऐकू येत राहते.

हा भाग दोनदा चित्रित झाला. सप्टेंबरमधलं चित्रण बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना पसंत पडलं नाही. त्यांनी ते पुन्हा करायला लावलं. ते नापास चित्रणही आज बघायला मिळतं. त्यात टार्डिसची दारं धड मिटत नाहीत, संवाद चालू असताना मागे आपटत राहतात. विल्यम हार्टनेलचा डॉक्टर तिथे नुसता तुसडा आहे. दुसऱ्या खेपेला त्यात मिश्कीलपणा आला. गोष्ट तीच, दिग्दर्शकही तोच: लखनौत जन्मलेला, चोवीस वर्षांचा वारिस हुसेन.

शाळेतल्या प्रसंगात डॉक्टरची नात सुझन शिलिंगच्या हिशेबात अडते. ब्रिटनमध्ये दशमान चलन आलंच आहे, असा तिचा समज. तिथे ते आलं १९७१ मध्ये. आपल्याकडे नवे पैसे १९५७ पासूनच होते, म्हणजे पुण्याहून नुकतं गेलेलं एखादं पोरही त्या वर्गात असंच अडलं असतं.

पहिला भाग जेमतेम पंचवीस मिनिटांचा आहे, जरूर बघा. पुढचे तीन भाग अश्मयुगातल्या टोळीच्या भांडणात जातात. ते गाळले तरी चालतील.