वाळवणाला जागा आहे का?

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर लातूर-नांदेडकडे घरोघर महालक्ष्म्या येतात. पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात, त्याच या. उंबऱ्यापासून आतपर्यंत कुंकवाच्या हातांचे ठसे उमटवले जातात, ताट वाजवत मुखवटे घरात आणले जातात आणि जागेवर उभं करण्याआधी त्यांना सगळं घर फिरवून दाखवलं जातं. देवघर, चूल, धान्याची कोठी, पैशाचं कपाट आणि असेल तर गोठासुद्धा. वर्षातून एकदा घरातली माणसं आपलंच घर पाहुणीच्या नजरेनं पाहतात.

नवं घर बांधू पाहणाऱ्यांनी हीच फेरी कागदावरच्या नकाशात मारून पाहावी. महालक्ष्म्या कुठे उभ्या राहतील? वैशाखात कुरडया कुठे वाळतील? गोधडी अंथरून टाके घालायला एवढी मोकळी फरशी कुठे आहे? पोळ्याला मातीचे बैल करायला मुलं कुठे बसतील? आजकाल नकाशावरची चर्चा हॉल केवढा, मास्टर बेडरूम कुठली आणि गाडी कुठे लागेल, इथेच संपते. घरातलं वर्ष मात्र या कामांनी भरलेलं असतं, आणि मराठवाड्याच्या जुन्या घरांना ते नीट ठाऊक होतं.

इथे गावाच्या जमिनीला दोन नावं आहेत. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. घर या पांढरीच्या मातीचं. दगड-चिखलाच्या रुंद भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर किलचन म्हणजे लाकडाच्या चिपा, मग तरवडाचा किंवा कडुनिंबाचा पाला आणि सगळ्यांवर मातीचा थर. घराचा आकार फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. पाच खणांचं घर म्हटलं की ऐकणाऱ्याला अंदाज यायचा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा या जाड मातीचं मोल कळतं. दुपारचं ऊन माती हळूहळू शोषते आणि ती झळ आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. तोवर घरातली माणसं अंथरुणं घेऊन माळवदावर गेलेली असतात.

आतली मांडणीही मोसमांच्या हिशेबानं होती. दारातून आत आल्यावर ढेलज, पुढे ओसरी, मध्ये उघडा चौक. भिंतीत दिव्यासाठी आणि किरकोळ वस्तूंसाठी कोनाडे. धान्यासाठी भिंतीच्या पोटातच बळद, ज्वारीसाठी जमिनीखाली पेव, आणि बुरडानं विणलेली, शेणानं सारवलेली कणगी. तुळईला लोखंडी कडी असायची. तिला तान्ह्याचा पाळणा बांधता यायचा आणि पंचमीला पोरींचा झोकाही. ओसरीवर शहाबादी फरशी आली की ती उन्हाळ्यातली सगळ्यात थंड जागा. शहाबाद जवळच, आजच्या कर्नाटकात. निजामाच्या काळात हा सगळा मुलूख एकाच राज्यात होता, आणि ही राखाडी-निळसर फरशी लातूर-नांदेडच्या जुन्या घरांतून अजून निघालेली नाही. निघूही नये.

या घरांबद्दल प्रेमानं लिहिताना एक तारीख मात्र टाळता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं झोपली होती. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यांत, सरकारी आकड्यांनुसार, सुमारे ८,००० माणसं गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४च्या घरातली. याहून मोठे भूकंप जगात पुष्कळ झाले, पण इथे घरंच अंगावर आली. माळवद गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची रीत होती. पिढ्यान्‌पिढ्या टाकलेली ती माती काही घरांवर फूट-दोन फूट जाडीची झाली होती. खाली गोलसर दगडांच्या भिंती. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये दगडगोट्यांची व मातीची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हते. जमीन हलली तशा भिंती फुगून फुटल्या आणि टनांनी माती खाली आली. जिथे लाकडी सांगाडा भक्कम होता, तिथे भिंती ढासळूनही खांब-तुळया उभ्या राहिल्याचं नंतर तपासणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवलं. खणांच्या घराची खरी ताकद त्या लाकडात होती.

पुढे जागतिक बँकेच्या मदतीनं मोठं पुनर्वसन झालं. ५२ गावं नव्या जागी वसली. जमीन किती यावरून कुटुंबांना २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. घरं पक्की होती, आणि त्या वेळी तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं. पण रस्ते सरळ आणि रुंद, घरं रांगेत. गल्लीची सावली गेली, ओसरी गेली, जनावराची, कडब्याची, शेणाची जागा नकाशात नीट आलीच नाही. मग लोकांनी आपल्या हातानं घरं पुरी केली. पुढे पत्र्याचं सपर टाकलं, बाजूला गोठा उभारला, अंगणाला कुडाची किंवा दगडाची भिंत घातली. ही सपरं म्हणजे त्या आराखड्यांवर लोकांनी केलेली दुरुस्ती होती. सिमेंटला लोकांचा विरोध नव्हता, त्यांना ओसरी परत हवी होती.

म्हणून आज घर बांधणाऱ्यानं जुन्या घरातलं काय घ्यायचं, हे स्पष्ट आहे. डोक्यावरचं ओझं घ्यायचं नाही. जागा घ्यायच्या. २००२ साली भूकंपप्रवणतेचा नकाशा सुधारला गेला तेव्हा किल्लारीचा परिसर वरच्या, तिसऱ्या क्षेत्रात गेला. त्यामुळे दारा-खिडक्यांच्या वरून घराभोवती फिरणारा काँक्रीटचा पट्टा आणि अनुभवी अभियंत्याचा हात, या दोन बाबतींत काटकसर नको. गावात अजून दगड-मातीच्या घरात राहणाऱ्यांनी माळवदावर नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवावी. बाकी पुष्कळ गोष्टी थोड्या विचारानं साधतात.

कडीचंच पाहा. स्लॅब पडण्याआधी सळईला अडकवून हूक सोडायला मिस्त्रीला काहीच वेळ लागत नाही. स्लॅब झाल्यावर भोकं पाडून बसवलेल्या हुकाचा मोठ्या माणसाच्या झोक्याला भरवसा नाही. तेव्हा ओसरीत किंवा हॉलमध्ये दोन हूक आधीच सांगून ठेवावेत. पाळणा, झोपाळा, महालक्ष्म्यांचा फुलोरा, दिवाळीचा आकाशकंदील, सगळं त्यांनाच लागतं. कोनाडे हवे असतील तर तेही भिंत उठतानाच, नऊ इंची भिंतीत. नंतर हातोडा घेऊन भिंत कोरायची नाही.

गच्चीचं महत्त्व तर वैशाखात समजतं. गव्हाचा चीक शिजवून घातलेल्या कुरडया, पापड, सांडगे, खारवड्या, शेवया. बोटांच्या चिमटीतून उतरलेले गव्हले, नखुल्या आणि मालत्या. डबाभर येसर करायचा तर त्याची डाळ-धान्यं, आणि वर्षाचं तिखट करायचं तर मिरची. तिच्या बाजारासाठी नांदेड जिल्ह्यातलं धर्माबाद प्रसिद्ध आहे. या सगळ्याला चार-सहा दिवसांचं कडक ऊन आणि धूळ न येणारी उंच जागा लागते. गच्चीचा जिना अरुंद, वळणाचा आणि अंधारा केला की हे काम घरातून हळूहळू नाहीसं होतं, कारण हातात परात घेऊन तो जिना कोणी चढत नाही. जिना रुंद ठेवा, गच्चीच्या दाराशी एक नळ आणि सावलीचा एक कोपरा ठेवा. गच्चीला दर उन्हाळ्यात पांढऱ्या चुन्याचा हात दिला तर खालच्या खोल्यांची झळही कमी होते.

त्याच गच्चीवर पावसाळ्यात पाणी उतरतं. लातूरकरांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं इथे पाणी आणावं लागलं; १२ तारखेला पोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी ९३ लिटर पाणी होतं. वीस मिलिमीटरची एक चांगली सर म्हणजे अठराशे लिटरच्या वर. ते गटारात सोडायचं की पहिली घाण वाहू देऊन मग टाकीत आणि बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात, हे पाइपाचं तोंड कुठे ठेवता यावर ठरतं. वाळवणासाठी गच्ची स्वच्छ ठेवणाऱ्या घरात हे पाणीही स्वच्छ येतं.

उन्हाळ्यातलं दुसरं काम गोधडीचं. जुनं धोतर, विटलेलं लुगडं, मुलांचे आखूड झालेले सदरे. थरावर थर घालून, ताणून अंथरून, कडेकडेनं आत येत घातलेले धावते टाके. नऊवारी पातळाचा पदर दर्शनी लावतात म्हणून एखाद्या गोधडीत आजीची लग्नातली साडी चाळीस वर्षं टिकून राहते. हे काम एकटीचं नाही. दोघी-तिघी चारी बाजूंनी बसल्या तर गोधडी लवकर उठते आणि बोलणंही होतं. शहरातल्या कुटुंबांनी लहान मापापासून सुरुवात करावी: बाळासाठी दीड हाताची दुपटी. आठवी-नववीतल्या मुलांना, मुलग्यांनाही, सुई धरता आली पाहिजे. नांदेडच्या किनवट, मुखेड, कंधार भागातल्या तांड्यांवर बंजारा बायकांनी टाक्याला काच, कवड्या आणि रंगीत सुताची जोड देऊन केलेलं भरतकाम पाहिलं की साध्या टाक्यातून काय काय उभं राहू शकतं ते कळतं. घागरीखालची चुंबळसुद्धा त्या नटवतात.

श्रावण संपता संपता माती घरात येते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी होते. पोळ्याला शिंगांना रंग आणि बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल. ज्यांच्या दावणीला बैल नाही त्यांच्याकडे मातीची जोडी पुजतात. ही जोडी बाजारातून आणण्याऐवजी घरी करून पाहावी. तळ्याकाठची चिकण माती भिजवून, खडे काढून, तिच्यात थोडी राख किंवा बारीक भुसा मळला की वाळताना तडे कमी जातात. सावलीत वाळवायची, उन्हात नाही. रंग चुन्याचा आणि गेरूचा.

दिवाळीत शेणाच्या गवळणी होतात. अंगणात शेणाचा छोटा वाडा घालून त्यात गवळणी, गुरं, पाणवठा, जातं, चूल अशी चिमुकली वस्ती मांडतात. मुलींच्या हातची ही घराची प्रतिकृतीच. तिच्याकडे नीट पाहिलं तर घरात काय काय असावं याची मुलांच्या मनातली यादी समोर येते. फ्लॅटमध्ये हीच मांडणी एका परातीत होऊ शकते, शेणाऐवजी मातीची. दसऱ्याच्या आधी, तेलंगणाच्या सीमेलगत तेलुगू बोलणाऱ्या घरांत बतुकम्मा फुलांनी रचतात. ताटात एकावर एक फुलांचे थर, खाली मोठा घेर, वर निमुळता. मराठी शेजारणींनीही एकदा हात लावावा असं हे काम आहे.

आणि मग मार्गशीर्ष अमावस्या. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत ही वेळ अमावस्या, बोलीत येळवस. शेजारच्या कर्नाटकात हीच एळ्ळ अमावास्या. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, कारण सगळे शेतात असतात. रब्बीची ज्वारी, हरभरा, करडई उभी असते. उभ्या पिकात कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, त्यांना चुना आणि काव लावायची, वर शाल पांघरायची. घरून बिंदग्यात आंबील येते. ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. तूर, हरभरा, वाटाणा, हिरव्या भाज्या बेसनात एकत्र शिजवून केलेली ती भज्जी शेतातच खावी.

ही खोप म्हणजे माळवदाची अगदी उलटी गोष्ट. वजन नाही, खर्च नाही, हत्यार म्हणून एक विळा आणि थोडी सुतळी. पेंढ्यांची टोकं वर एकत्र बांधायची, बुडं बाहेर पसरायची, तोंड मोकळं ठेवायचं. आठ-दहा वर्षांचं पोर बघता बघता शिकतं. आता शिवारात सोयाबीन वाढलं आणि ज्वारी घटली, त्यामुळे कडबा पूर्वीसारखा सहज मिळत नाही. तरीही खोप सुटलेली नाही. उसाचं वाडं किंवा तुराट्या लावून ती उभी राहते.

वेळ अमावस्येला लातुरात स्थानिक सुट्टी असते. स्वतःचं शेत नसलेल्या शहरातल्या कुटुंबांना ओळखीचे शेतकरी आवर्जून बोलावतात. बहुतेक पाहुणे जेवणाच्या वेळेला पोचतात. यंदा बोलावणं आलं तर मुलांना घेऊन सकाळी आठलाच जा, कारण खोप त्याच वेळी बांधतात.