जाताना काय न्यावे?

राजा, देव आणि गुरू यांच्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नये, असे जुने संस्कृत वचन सांगते. राजांचे तनखेसुद्धा १९७१ साली गेले. त्यांच्या गादीवर आता घरातले पोर बसले आहे! तेव्हा मूल असलेल्या घरी खाऊचा पुडा न्यावाच. मात्र तो आईच्या हाती द्यावा. पेढे खाऊन बसलेले पोर पुढे ताटावर काय करते, ते तिलाच ठाऊक.

मला धास्ती वाटते ती महागड्या भेटीची. बेताच्या मिळकतीच्या घरी आपण सुक्या मेव्याची पेटी ठेवून निघतो. दार लागल्यावर नवरा-बायको बोलत असतील, “आता त्यांच्याकडे जाताना काय न्यायचे हो?” पाहुणचार त्यांनी केला आणि कर्जही त्यांच्याच डोक्यावर! त्यापेक्षा घरचे न्यावे : परसातली अळूची जुडी, मुरांब्याची बरणी, डबाभर चकल्या. घरच्या जिनसेची किंमत कोणी काढीत बसत नाही.

डबा तेवढा लगेच परत मागू नये. यजमानीण तो रिकामा देणार नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालीलच. त्यासाठी ऐन गडबडीत तिला स्वयंपाकघरात धावायला लावू नये. येईल तो सवडीने.