वेस्ट सिस्टर बेट व तेथील दीपस्तंभ

उत्तर अमेरिकेंतील ईरी सरोवराच्या पश्चिम भागांत, ओहायो राज्याच्या किनाऱ्यापासून सुमारें ९ मैलांवर, वेस्ट सिस्टर नांवाचें एक निर्जन बेट आहे. विस्तार सुमारें ८० एकर. मिडल व ईस्ट या त्याच्या दोघी 'बहिणी' कॅनडाच्या हद्दींत पडतात. एवढ्याशा स्थळाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधितों, याचें कारण एका पत्राचा शिरोभाग होय.

ता. १० सप्टेंबर १८१३ रोजीं या सरोवरांत अमेरिकन व ब्रिटिश आरमारांची गांठ पडली. ऑलिव्हर हॅझर्ड पेरी याच्या हाताखालीं ९ जहाजें होतीं, रॉबर्ट बार्कले याजकडे ६. पेरीचें 'लॉरेन्स' निकामी होतांच तो होडींतून 'नायगारा'वर गेला, आणि तिसऱ्या प्रहरीं ब्रिटिशांचें सबंध आरमार शरण आलें. त्यानें सेनापति हॅरिसन यास धाडलेली त्रोटक चिठी शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. पण संशोधकास आरमारमंत्री विल्यम जोन्स यास लिहिलेलें पत्रच अधिक मोलाचें. त्याच्या शिरोभागीं जहाज, जागा, तारीख व वेळ हीं चारही दिलीं आहेत: नायगारा, वेस्टर्न सिस्टरनजीक, दुपारीं ४. आपल्याकडील जुन्या कागदांत मुक्काम वगळलेला पाहून कष्टी झालेल्यांस याचें महत्त्व सांगणें नको.

विजयाचें स्मारक मात्र साउथ बास बेटावर, पुट-इन-बे येथें उभें आहे. त्याची उंची ३५२ फूट. पेरीचें आरमार त्या दिवशीं सकाळीं तेथूनच निघालें, म्हणून ती निवड वावगी नव्हे; परंतु लढाई तेथेंच झाली असा समज त्यामुळें होतो, तो पत्राशीं जुळत नाहीं. उलटपक्षीं, चार वाजतां 'नायगारा' जेथें होती तेथेंच पहिली तोफ सुटली, असेंही त्या कागदावरून ठरवूं नये. मोडकीं जहाजें वाऱ्यापाण्याबरोबर सरकतात. कागद आपल्या वेळेपुरतीच साक्ष देतो.

बेटावर दीपस्तंभ आला तो १८४७-४८ च्या सुमारास. चुनखडी दगड व विटा यांचा हा मनोरा सुमारें ५५ फूट उंच आहे. १९३७ सालीं दिवा स्वयंचलित झाल्यावर रखवालदाराची गरज उरली नाहीं. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं सैन्यानें बेट तोफांच्या सरावास घेतलें व रखवालदाराचें घर नाहींसें झालें. माथ्यावरील कांचेची दीपकोठीही गेली. १९८३ सालीं मनोऱ्याची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांत नोंद झाली खरी, पण नोंदीनें दीपकोठी परत येत नाहीं.

ज्या वर्षीं माणसाचें काम सरलें त्याच १९३७ सालीं बेट पक्ष्यांसाठीं राखून ठेवण्यांत आलें, व १९७५ पासून त्यास राखीव अरण्याचा दर्जा आहे. मोठे निळे बगळे, शुभ्र बगळे, रातबगळे व पाणकावळे येथें मोठ्या संख्येनें घरटीं करितात आणि चाऱ्यासाठीं किनाऱ्यावरील दलदलींपर्यंत जातात. सामान्य जनांस बेटावर उतरण्याची मनाई असल्यामुळें हा मनोरा नावेंतूनच पाहावा लागतो.