बाबा यागाचा सवाल

गेल्या वीकएंडला सिद्धगडचा ट्रेक! सॅकमध्ये मैत्रिणीने दिलेली भविष्याची कार्डं, चक्क स्लाव लोककथांची. डोक्यात एकच भुंगा: परदेशातली ऑफर घ्यायची की नाही?

पायथ्याच्या हुतात्मा स्मारकाजवळ पान ओढलं. निघाली बाबा यागा, कोंबडीच्या पायांवरच्या झोपडीत राहणारी जंगलातली म्हातारी! काही रशियन गोष्टींत ती आलेल्याला विचारते, ‘‘स्वखुशीने आलास की नाइलाजाने?’’

भाई कोटवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ला इथेच पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. कोटवाल तर वकील. सुखाची वाट मोकळी होती. तरी आले, स्वखुशीने.

आणि मी? सगळे जातात म्हणून निघालेलो! कार्डात भविष्य नव्हतंच, पण प्रश्न अगदी नेमका होता. घरी परतल्यावर ऑफरला ‘नाही’ कळवलं. स्वखुशीने!